कुणाचंच नसलेलं नाव

“एकदा दगडात गेलेलं नाव मागे फिरत नाही, ताई. अजून विचार करा,” पाटीवाले काका म्हणाले आणि त्यांनी पेन्सिल कानामागे खोचली.

बाकावर बसलेली बाई नवऱ्याकडे बघत नव्हती. नवरा मात्र तिच्यावरून नजर हलवत नव्हता. वाद घरून निघालाय, वाटेत जरा दम खाल्लाय आणि आता आपल्या बाकावर येऊन बसलाय, हे काकांनी ओळखलं. बाळाच्या नावाची पाटी करायला आलेल्या नव्या आईबापांचे असे वाद त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

दुकानात दगडाची पांढरी भुकटी सगळ्यावर बसलेली. दारावरच्या पाट्या, दुकानांची नावं आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या त्या उंच, मुक्या शिळा. बाईची नजर तिकडे गेली तसे काका लगबगीनं उठले. त्यांनी शिळांवर चादर ओढली.

“तिकडे नका बघू. पोटासाठी तेही करावं लागतं. तुम्ही चांगल्या कामाला आलात.”

बाईनं नजर वळवली.

“मी म्हणतो, चारचौघांत असतं तसं नाव असावं,” नवरा हळूच म्हणाला. “हे ऐकून लोक विचारतील, नाव आहे की टोपणनाव?”

“कोण विचारणार आहे?”

“अहो, शाळेत बाई विचारतील की!” काका हसले. दोघांपैकी कुणीच हसलं नाही. काकांनी घसा साफ केला. “नाव काय म्हणालात?”

“कवडसा,” ती म्हणाली.

हजारो नावं काकांच्या छिन्नीखालून गेली होती, पण हे नव्हतं गेलं. “कौलाच्या फटीतून घरात उन्हाचा ठिपका पडतो, तो कवडसा?”

“तोच. माझ्या आत्याचं गाणं होतं.” ती गायली नाही, नुसतं म्हणाली, तरी शब्दांना आपोआप हेलकावा आला.

“कवडसा आला घरी, त्याला बसाया देऊ काय,
उंबऱ्याशी टेकला, आत पडला नाही पाय.”

“आत्याला मूलबाळ नव्हतं,” ती पुढे म्हणाली. “पण काम करताना ओठांवर हेच असायचं. कुणासाठी म्हणतेस, असं आम्ही विचारलं की उठून पाणी प्यायला जायची.”

काकांना गाणं आवडलं. आवडलं म्हणूनच त्यांनी धोक्याची सूचना दिली. “नावांचीही साथ येते, ताई. एकानं ठेवलं की दुसऱ्याला लागण. एखादं नाव दारावर झळकतं, जाणारे-येणारे वाचतात आणि पुढच्या वर्षी त्याच गल्लीत त्या नावाचे पाच जण रांगतात. माझंच बघा. वर्गात आम्ही चौघं एका नावाचे. गुरुजींनी मला ‘मागचा’ करून टाकलं. बायको होती तोवर खरं नाव कानावर पडायचं. आता मलाही आठवावं लागतं.”

बाई दचकली. “नाही. हे दुसऱ्या कुणाचं असता कामा नये. मी रस्त्यानं जातेय आणि मागून कुणी आपल्या पोराला याच नावानं हाक मारली, तर? मला नाही सोसणार.”

“हौसेला मोल नाही!” काका कौतुकानं म्हणाले.

नवऱ्यानं डोळे मिटले, उघडले. “हेच कोरा काका. ती म्हणते ते बरोबर आहे. आणि जिथं लावायचंय तिथं फारसं कुणी फिरकत नाही.”

“नवी वस्ती वाटतं?”

“गावाबाहेर आहे.”

“मग ऊन-पाऊस सोसणारा दगड हवा. पाटी केवढी करू?”

नवरा बोलायच्या आत बाईनं दोन्ही हात पुढे केले आणि तळव्यांमध्ये अंतर धरून दाखवलं. हात-दीड हात. काकांनी माप मनात घेतलं, पण ती हात खाली घ्यायला विसरली. ते तसेच राहिले, एक जरा वर, एक जरा खाली, काहीतरी सांभाळल्यासारखे. नवऱ्यानं ते हलकेच धरून तिच्या मांडीवर ठेवले.

“छोटीशीच,” काका म्हणाले. “शोभेल. बाळ झोपलंय का?”

“झोपलंय,” नवरा म्हणाला.

तेवढ्यात तिच्या कुडत्यावर छातीशी ओल उमटली. तिनं घाईघाईनं शाल ओढून घेतली. काकांनी नजर खाली केली. त्यांच्या बायकोचंही असंच व्हायचं. पोरगी रडायच्या आधी तिला कळायचं.

“आटपतोच,” ते मायेनं म्हणाले. “वेळ झाली असेल त्याची.”

नवरा उठला आणि दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. काकांना वाटलं, लाजला.

त्यांनी एक गुळगुळीत, फिकट दगड मांडीवर घेतला, ओल्या फडक्यानं पुसला आणि पेन्सिलीनं नाव आखलं. चार अक्षरं. पहिल्यांदाच काढत होते, तरी हाताला ओळखीची वाटली. छपराच्या पत्र्याच्या भोकातून एक उन्हाचा ठिपका नेमका दगडावर येऊन बसला होता. काकांना गंमत वाटली. दाखवायला त्यांनी मान वर केली, तोवर तो सरकला होता.

“आता खाली जन्मतारीख,” काका म्हणाले. “सांगा.”

तिनं सांगितली. गेल्याच आठवड्यातली होती. काकांनी आकडे नीट मध्यभागी मांडायला घेतले.

“मध्ये नको, काका. डावीकडे घ्या,” ती म्हणाली. “पुढे एक रेघ काढा. आणि रेघेपलीकडे पुन्हा तीच तारीख.”