गाडी किती दिवस चालवायची

"साहेब, मागचा एक्सल वाकलाय," गाडीखालून सरपटत बाहेर येत ख्वाजामियाँ म्हणाले. "अन् डाव्या बाजूला चीर बी पडली. टायर आतून उगंच झिजून राह्यलं नव्हतं."

धम्मपाल वाकून चाकाकडं बघू लागले. वाटूर फाट्यावरच्या या गॅरेजला ते चार वर्षांपासून येत होते. त्यांच्या जुन्या व्हॅनची मधली सीट ख्वाजामियाँनीच काढून दिली होती आणि गादी टाकता येईल अशी फळीही बसवली होती. त्यांच्या बायकोची, दैवशालाबाईंची, फुप्फुसं आवळत चालली होती. त्यांना बसून प्रवास होत नव्हता. महिन्यातून दोनदा जालन्याचा दवाखाना, फळीवर त्या, शेजारी ऑक्सिजनची दोन नळकांडी आणि खाली खड्डेच खड्डे. एक्सल बिचारा किती सोसणार?

घरी एकटीला ठेवता येत नव्हतं म्हणून सोबत आणलेल्या दैवशालाबाई आत्ता शेडबाहेर उन्हात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. नाकात नळी होती. डोळे मिटलेले होते.

"पट्टी मारून वेल्डिंग केलं तर तासाभराचं काम हाय," ख्वाजामियाँ म्हणाले. "न्हाईतर पूरा एक्सलच बदलू. जालन्याहून मागवावा लागल. दोन दिवस गाडी इथं ठेवा."

"बराबर काय राहील?"

"ते तुमच्यावर हाय. पट्टीवर दोन-तीन महिने निघतील, पुढची गॅरंटी मी देत न्हाई. गाडी अजून किती दिवस चालवायची, ते सांगा."

साधा प्रश्न होता. ख्वाजामियाँ तो रोज चार गिऱ्हाइकांना विचारत असतील. पण धम्मपालांना त्याचं उत्तर नेमकं ठाऊक होतं.

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना एकट्यालाच आत बोलावलं होतं. दोन महिने, फार तर तीन, असं सांगितलं होतं. ते पुण्याच्या लेकीला, सुमेधाला, फोनवर कळवलं तेवढंच. बायकोला ते म्हणाले होते, मागच्या वेळेसारखंच आहे, फक्त गोळ्या बदलल्यात. त्यावर ती "बरं" म्हणाली होती आणि कूस बदलून झोपली होती. तेव्हापासून ते घरात येत्या उन्हाळ्याच्या गोष्टी करायचे. कूलरला नवी जाळी लावू. सुमेधा आली की कैरीचं लोणचं घालू. पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी केली, पण खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. हे मात्र जमतंय, असं त्यांना वाटत होतं.

त्यांनी ख्वाजामियाँना दंडाला धरून शेडच्या मागं नेलं.

"पट्टीच मारा."

"साहेब, भाभींना घेऊन फिरता तुम्ही. मी म्हणतो नवाच—"

"दोन-तीन महिने निघाले की बस झालं."

ख्वाजामियाँनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग त्यांची नजर शेडच्या कोपऱ्यावरून पलीकडं, खुर्चीकडं गेली. हातातल्या फडक्याला ते उगाच हात पुसत राहिले.

"बरं," एवढंच म्हणाले आणि कामाला गेले.

धम्मपाल तिथंच उभे राहिले. डॉक्टरांनी नुसतं सांगितलं होतं. आज आपण ते मान्य केलं, वर त्याच्या हिशेबानं कामही सुरू करायला लावलं, हे त्यांना खाऊ लागलं. ती गेल्यावर या गाडीत पुन्हा बसायचं नाही, भंगारात द्यायची, हेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

ते पुढं आले तेव्हा मागचं चाक निघालं होतं. दैवशालाबाईंनी डोळे उघडले होते.

"काय ठरलं, ख्वाजाभाई?" दोन शब्दांच्या मध्ये त्यांना श्वास घ्यावा लागत होता.

"साहेब पट्टी मारा म्हणतेत."

"पट्टी नको. नवा बसवा."

"अगं, दोन दिवस गाडी अडकून पडंल," धम्मपाल घाईनं म्हणाले. "परवा दवाखाना हाय."

"परवा दुसऱ्या कोणाची गाडी बघू." त्या ख्वाजामियाँकडंच पाहत होत्या. "पाच-सात वर्षं परत बघायचं काम न्हाई, असा बसवा."

पाच-सात वर्षं. धम्मपालांना वाटलं, उन्हाळ्याच्या गोष्टी आपणच केल्या, अन् बिचारीनं त्या खऱ्या धरल्या. आता नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. ते कारण त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं.

"बसवा नवा," ते म्हणाले. डोळे भरून आलेले तिला दिसू नयेत म्हणून, चहा घेऊन येतो असं सांगून हॉटेलाकडं वळले.

दहा पावलं गेल्यावर त्यांना आठवलं, तिच्या गोळीला कोमट पाणी लागेल. थर्मास गाडीतच राहिला होता. ते परत फिरले आणि व्हॅनच्या पलीकडच्या दारानं आत वाकले. तिकडून दैवशालाबाईंचा आवाज येत होता.

"ख्वाजाभाई, यांना सांगू नका, मला सगळं ठाऊक हाय. मी फळीवर असले की सुमेधाचे पप्पा गाडी तीसच्या वर नेत न्हाईत. एकटे असले की लई जोरात हाणतात. पुढं लेकीकडं पुण्याला जात जातील, तवा हळू चालवा म्हणायला मागं कोणी नसंल."