वर केलेला हात

"रविवारी ही मी घालू?" धाकट्याने बाबांची जर्सी कपाटातून काढून अंगाला लावून पाहिली.

"तुला नाही बसायची," थोरली म्हणाली.

"बसेल गं. फक्त ही चेन काढून दे. डाव्या कुशीत, पार बाहीपासून कमरेपर्यंत! आत वारा लागतो म्हणे. बाबांचं एकेक."

चेन तिनेच शिवली होती, प्रत्येक जर्सीला. मोटारसायकलच्या शर्यतीआधी गाडीच्या आडोशाला बाबांना तयारही तीच करायची. दुसऱ्या कुणाला ते जवळ फिरकू देत नसत. "झाला का नवरदेव तयार?" म्हणून धाकटा बाहेरून ओरडायचा, आणि बाबा आतून त्याला शिवी हासडायचे.

तिने जर्सी त्याच्या हातून काढून घेतली आणि आपल्या पिशवीत कोंबली. घरी ठेवली तर हा कात्री घेऊन बसला असता.

"म्हणजे तू उतरणारच?"

"नाव दिलंय, ताई."

"त्याच उडीवरून?"

"मग काय माझ्यासाठी वेगळा ट्रॅक बांधतील?" तो हसला. बाबांसारखाच, अर्ध्या ओठांनी. तिला ते बघवलं नाही.

क्लबच्या खोलीत ओल्या मातीचा आणि पेट्रोलचा वास होता. टेबलामागे चौकशी समितीच्या अध्यक्षबाई आणि त्यांचे दोन सहकारी बसले होते. समोर झेंडेकाका. खुर्ची असूनही उभेच. आयुष्य ट्रॅकच्या कडेला झेंडा घेऊन उभं राहण्यात गेलेलं. "हा स्वतःच्या लग्नातही उभाच होता," असं बाबा म्हणायचे.

थोरली आत येताच काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाबा गेल्यापासून दवाखान्याचे कागद, मोडकी गाडी घरी आणणं, सगळं त्यांनीच निस्तरलं होतं.

"बस बाळा. जेवलीस का काही?"

पिशवी मांडीवर घेऊन ती बसली.

चौकशी त्या मोठ्या उडीची होती. चढ इतका उभा की स्वार हवेत गेल्याशिवाय पलीकडची जमीन त्याला दिसतच नाही. पलीकडे कुणी पडलं, तर ते प्रेक्षकांना दिसत नाही, मागच्या स्वारांनाही नाही. दिसतं ते फक्त तिथे उभ्या असलेल्या झेंडेवाल्याला. त्याने लाल झेंडा दाखवला की शर्यत थांबते. पण पडलेल्याने हात वर केला, तर त्याचा अर्थ 'मी ठीक आहे, उठतोय'. मग मागच्यांना सावध करायला नुसता पिवळा झेंडा धरायचा, शर्यत चालू ठेवायची. सगळे स्वार हा नियम पाळतात. हाड मोडलेलं असलं तरी हात वर करतात, कारण डॉक्टरांची गाडी एकदा आत आली की वर्षभराची मेहनत मातीत जाते.

बाबा पलीकडे पडले. थोड्या वेळाने मागून आलेला एक स्वार हवेतून थेट त्यांच्यावर उतरला.

"तो स्वार म्हणतो, त्याला कुठलाच झेंडा दिसला नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"त्याच्या चष्म्यावर बोटभर चिखल होता, बाई," काका हळूच म्हणाले. "पोराचा दोष नाही. पण मी पिवळा धरला होता. लाल काढणारच होतो, तेवढ्यात हिच्या बाबाने हात वर केला. मला वाटलं, उठतोय. जन्माचा हट्टी माणूस!"

त्यांचा आवाज फुटला. एका सहकाऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

अध्यक्षबाईंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे बाबांचा जुना फोटो होता. चिखलात आडवे, आणि डावा हात ताठ वर, पाचही बोटं फाकलेली. त्या दिवशी तोच खांदा जबर दुखावला होता तरी त्यांनी हात वर केला आणि शर्यत पुरी केली. ती गोष्ट क्लबात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी ऐकवली जायची.

"म्हणजे सवयच होती त्यांना," बाई म्हणाल्या. "मग ट्रॅकचा दोष म्हणता येणार नाही. उडी आहे तशी राहील. दुसरा झेंडेवाला नेमायचीही गरज दिसत नाही. तुमची काही हरकत?"

दारात धाकटा हेल्मेट काखेत घेऊन उभा होता. रविवारी तो त्याच चढावरून हवेत जाणार होता, आणि पलीकडे एकटे काका असणार होते. दुसरा माणूस मागायला म्हणूनच थोरली आली होती. आता मागायचं कोणत्या तोंडाने? बाबांनी आपल्या हाताने आपलं मरण ओढवून घेतलं म्हणतात. बाबा तसे होतेही. तिने नाकारायचं काय?

"हरकत नाही," ती पुटपुटली. मग काकांकडे वळली. "काका, शेवटचं तुम्हीच पाहिलंत त्यांना. नीट सांगा ना. कसे होते ते?"

काकांनी डोळे पुसले.

"उजव्या कुशीवर पडला होता गं. उजवा हात अंगाखाली. डावा असा वर केला." त्यांनी आपला डावा हात थेट डोक्यावर नेला. ताठ, पाचही बोटं फाकलेली. "अगदी त्या फोटोतल्यासारखा."

थोरलीने त्या हाताकडे पाहिलं. मग तिने पिशवीतून जर्सी काढली, टेबलावर पसरली आणि डाव्या कुशीतली चेन बाहीपासून कमरेपर्यंत उघडली.

"त्या फोटोनंतर हा हात खांद्याच्या वर गेलाच नाही, काका. डॉक्टर बाद करतील म्हणून त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. जर्सी मी चढवायचे, कुशीतून." तिचा आवाज अगदी शांत होता. "बाबा पडले तेव्हा तुम्ही कुठे होतात?"