आतलं बटण

नवरदेव आत होता आणि गाडी त्याला सोडत नव्हती.

वडखळच्या नाक्यावर ती काळी, लांबलचक जर्मन गाडी उभी होती. भोवती पेणचं अख्खं वऱ्हाड. पेणहून निघून वडखळ गाठेपर्यंत वऱ्हाडाला चहाची तलफ आलीच, म्हणून सगळे उतरले. हळद लागलेल्या नवऱ्यानं वाटेत पाय खाली ठेवू नये, म्हणून विशालला तेवढं एसी लावून आत बसवलं. चहा पिऊन येतात तो चारी दारं बंद, काळ्या काचा वर, किल्ली आत, एक काच तेवढी दोन बोटं उघडी. आणि विशाल फटीतून बोटं हलवून सांगतोय, उघडत नाय, उघडत नाय.

गाडी त्याच्या मुंबईच्या मामांची, हैबतरावांची. काच फोडू म्हटलं तर हौसाआत्या आडवी आली. लग्नाच्या दिवशी काच फुटलेली तिला चालणार नव्हती.

मग नाक्यावरच्या गुणाजी मेकॅनिकला बोलावलं. गुणाजीचा कान म्हणजे कान. नागोठण्याला ट्रक खोकला तर हा वडखळला बसून सांगे, की बिघाड इंजिनात नाही, ड्रायव्हरच्या छातीत आहे. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाराला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

"पाच मिनटं," तो म्हणाला.

काचेच्या फटीतून त्यानं पोलादी पट्टी आत सोडली. टक. कुलपाची पिन वर आली. वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. हैबतरावांनी हँडलला हात घालायच्या आत पुन्हा टक, पिन खाली. गुणाजीनं पुन्हा उघडलं, गाडीनं पुन्हा लावलं. असं एकोणीस वेळा झालं. विसाव्या वेळी बँडवाल्यांनी त्यावर ताल धरला.

"तूच बिघडवलीस," हैबतराव म्हणाले. "दार नुसतं अडकलं होतं. तू पट्टी घालून तिचं डोकं फिरवलंस. वडखळपासून रोह्यापर्यंत सांगत जाईन. तुझ्याकडं पंक्चरची सायकलसुद्धा कोण आणायचा नाय."

गुणाजी पट्टी पुसत राहिला. तीस वर्षांचं नाव होतं त्याचं, आणि ते आता या माणसाच्या जिभेवर होतं.

एसटीडी बूथवरून मुंबईला, गाडीच्या कंपनीत, फोन गेला. दुसरा फोन रोह्याला, नवरीच्या घरी. मुहूर्त बारा पस्तीसचा. नवरीनं, मृणालीनं, फोन ठेवला आणि पदर खोचला. "नवरा येत नाय तर आपण जाऊ," म्हणाली. तीन टेम्पो निघाले. पहिल्यात नवरी आणि भटजी, दुसऱ्यात पाहुणे, तिसऱ्यात जिलेबीची कढई, चुलीसकट; उतरवायलाही कुणी थांबलं नव्हतं.

टेम्पोंच्या थोडा आधी मुंबईचा इंजिनियर पोचला. प्रणित त्याचं नाव, गळ्यात टाय, हातात पेटी. पेटीत पडदा, बटणं आणि वायरींचा गुंता.

"कानाला नाही कळायचं, काका," तो गुणाजीला म्हणाला. "ही गाडी कण्हत नाही. हिला विचारावं लागतं, आणि हिची भाषा या पेटीलाच येते. मला ती शिकायला आठ महिने लागले."

मागच्या दिव्याखालचं झाकण काढून त्यानं वायर जोडली. पडद्यावर हिरवी अक्षरं धावली. त्यानं कळ दाबली. टक, पिन वर. टक, पिन खाली. प्रणितनं पडद्याकडं पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग गुणाजीच्या कानाशी वाकला.

"गाडी ठणठणीत आहे, काका. दर वेळी कुणीतरी आतलं बटण दाबतंय."

गुणाजी फटीपाशी गेला. विशालचं बोट बटणावरच होतं.

"का रे बाबा?"

"उखाणा विसरलो," विशाल पुटपुटला. "चार दिस पाठ केला, पेणची वेस ओलांडली नि गेला. चारशे माणसांत नाव घ्यायला लावतील. आठवला की उतरतो, काका. कुणाला सांगू नका."

"काय निघालं त्या मशीनमधनं?" हैबतराव ओरडले.

सगळं वऱ्हाड पुढं सरकलं. त्याच वेळी पहिला टेम्पो येऊन थांबला. मृणाली खाली उतरली आणि काळ्या काचेकडं बघत उभी राहिली. एक वाक्य बोलला असता तर गुणाजीचं नाव धुऊन निघालं असतं. पण तेच वाक्य त्या पोरीनं ऐकलं असतं, की नवरा तिच्या वाटेवर दाराला कुलूप लावून बसलाय.

"माझाच हात चुकला, शेठ," गुणाजी म्हणाला. "असली गाडी यांनीच बघायची. ज्याचं काम त्यानं करावं."

प्रणितनं तोंड उघडलं. गुणाजीनं त्याच्या बुटावर पाय दिला.

फटीतून विशालनं सगळं ऐकलं. टक. पिन वर आली आणि वरच राहिली. नवरदेव खाली उतरला तेव्हा बारा तेहतीस झाले होते.

लग्न नाक्यावरच लागलं. अंतरपाट रोह्यात राहिला होता, त्याऐवजी गुणाजीच्या दुकानातलं कोरं सीटकव्हर धरलं. गोव्याच्या ट्रकवाल्यांनी हॉर्नवर मंगलाष्टकांना साथ दिली. अलिबागच्या एसटीतल्या बायकांनी खिडकीतून चुरमुरे टाकले, अक्षता म्हणून. जिलेबीची कढई अजून गरम होती.

मग हौसाआत्या पुढं झाली. "नाव घे रे विशाल. त्याबिगर हलू देणार नाय."

बँड थांबला. चारशे माणसं कान टवकारून उभी. दूर दुकानाच्या दारात गुणाजी एकटाच पट्टी पुसत होता. विशालनं त्याच्याकडं पाहिलं, मृणालीकडं पाहिलं, आणि पाठ नसलेला उखाणा खणखणीत आवाजात घेतला:

"गुणाजीचा दोष नाय, मीच दारं केली बंद,
मृणालीचं नाव घेतो, सुटला बटणाचा छंद."