पलीकडचं झाड

पहिली सरी खासदारांनीच पाडायची, हे घरात ठरलेलं होतं. वर्षभर ते कुठेही असोत, लागवडीच्या दिवसांत एकदा येत, घराजवळून ट्रॅक्टर काढत, नदीपर्यंत एकच सरी ओढत आणि खाली उतरत. बाकीच्या सऱ्या तिला धरून थोरले भाऊ पाडत. पहिली वाकली की सगळं शेत वाकडं.

यंदा ती वाकली. अर्ध्या शेतात खिशातला फोन वाजला, खासदारांची मान खाली गेली आणि पुन्हा वर पाहिलं तोवर सरी डावीकडे फुगली होती.

"भावजी, सरीला पोट सुटलं," बांधावरून वहिनी म्हणाल्या. "तेही मंत्री व्हायच्या आधीच."

थोरले हसले नाहीत. फोन पक्षाध्यक्षांचा असणार, हे त्यांनी ओळखलं होतं. कालपासून घरात दुसरा विषय नव्हता. खासदारांना कृषी खातं देऊ केलं होतं आणि दुपारपर्यंत होकार हवा होता. मंत्री झालं की परराष्ट्र समितीचं अध्यक्षपद सोडावं लागणार होतं. त्या समितीत त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आमचे खासदार दोनच ठिकाणी सापडतात, बांधावर नाहीतर विमानतळावर, अशी मतदारसंघात थट्टा व्हायची. पुढच्या महिन्यात याच नदीच्या पाण्यावर शेजारी देशाशी बोलणी होती. दोन्हीकडच्या लोकांची मनधरणी करून ती त्यांनीच जुळवून आणली होती.

थोरल्यांचं म्हणणं सरळ होतं. शेतकऱ्याच्या घरी शेतीखातं चालून आलंय, ते दारातून परत पाठवायचं नसतं. रस्ता होईल, शीतगृह होईल. आणि पाण्याची बोलणी काय, कुणीही करेल. तोंड सगळ्यांनाच असतं.

खासदारांनी फोन वहिनींच्या हातात दिला, वाकडा भाग मोडला आणि घरापासून पुन्हा सुरुवात केली. आता त्यांनी नजर लांब ठेवली. दोघा भावांना वडिलांनी हेच शिकवलं होतं. चाकाकडे बघितलं की दर पावलाला थोडं थोडं चुकत जातं. लांबच्या एका खुणेवर डोळा ठेवला की चाक आपोआप सरळ चालतं. या शेताची खूण म्हणजे एक उंच झाड. ते नदीपलीकडे होतं, म्हणजे दुसऱ्या देशात. त्याच्या सावलीत या घरातलं कुणी कधी बसलेलं नव्हतं.

सरी सुतात आली. काठाशी इंजिन बंद करून खासदार खाली उतरले. वहिनी लगबगीने फोन घेऊन आल्या. तो पुन्हा वाजत होता. मागून थोरलेही आले.

कृषी खातं नको, हातातलं काम पुरं करू द्या, असं खासदारांनी अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष बराच वेळ बोलत राहिले. शेतकऱ्याचा मुलगा शेतीलाच नको म्हणतो, लोकांना काय सांगायचं, असा त्यांचा एकूण सूर होता.

"मी शेतातूनच बोलतोय, साहेब," खासदार म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

वहिनींनी कपाळाला हात लावला. त्यांनी सकाळीच माहेरी बातमी कळवून टाकली होती. आता पुन्हा फोन करणं आलं. थोरले काडीने चपलेचा चिखल काढत बसले. मंत्र्याचा भाऊ म्हणवून घ्यायची हौस होती, ती राहिलीच, एवढं मात्र ते बोलून गेले. पण आवाजात राग नव्हता. एकदा त्यांनी मान वळवून नव्या सरीकडे पाहिलं आणि बरी आलीय म्हणाले.

पलीकडच्या शेतातून एक ट्रॅक्टर नदीच्या दिशेने येत होता. चालवणारा मान ताठ ठेवून या तिघांच्या डोक्यावरून कुठेतरी मागे बघत होता. त्याच्यामागची सरी दोरी लावून आखल्यासारखी होती.

खासदारांनी वळून पाहिलं. मागे घर होतं, आणि गच्चीवर पांढरी पाण्याची टाकी. ती जुनी. नवी टाकी बसवून दोन वर्षं होऊन गेली होती.

"दादा, ही अजून इथेच? तळ गेलाय ना तिचा?"

थोरल्यांनी काडी नदीत टाकली.

"काढायला माणूस आणला होता," ते म्हणाले. "मग म्हटलं, पलीकडच्याने सरी कशावर धरायची?"