दोनदा अडलेले पाय

अ‍ॅल्बी फलंदाजीला आला आणि कर्टिसच्या तळहाताला घाम सुटला. गेल्या मोसमात याच मैदानावर कर्टिसचा उसळता चेंडू अ‍ॅल्बीच्या कानशिलावर बसला होता. अकरा दिवस तो मेलबर्नच्या इस्पितळात बेशुद्ध होता. त्यानंतर आज, शनिवारच्या लीग सामन्यात, तो पहिल्यांदाच परतला होता आणि चेंडू पुन्हा कर्टिसच्याच हातात होता.

कर्टिस धावत आला आणि मध्येच थांबला. दुसऱ्यांदाही पाय अडले.

"काय रे, गोलंदाजी करतोयस की फेरफटका मारतोयस?" स्लिपमधून त्याचा कप्तान ओरडला.

तेवढ्यात अ‍ॅल्बीच खेळपट्टीवरून चालत त्याच्याकडे आला. आता हा शिव्या घालणार, म्हणून कर्टिसने मान खाली घातली.

"टाक की लेका," अ‍ॅल्बी हळूच म्हणाला. "लोरेन तिकडे गाडीत बसून बघतेय. तू असा थांबलास की माझ्या बायकोचा जीव टांगणीला लागतो."

"आणि तुला नाही भीती वाटत?"

"पाय लटपटतायत माझे. म्हणून तर म्हणतो, लवकर टाक."

कर्टिसने चेंडू टाकला आणि डोळे गच्च मिटून घेतले. टक्क असा आवाज आला. डोळे उघडले तेव्हा चेंडू अ‍ॅल्बीच्या पायापाशी पडला होता, आणि अ‍ॅल्बी उभा होता.



त्या मैदानावर लोक सीमारेषेभोवती गाड्या लावून आत बसूनच सामना बघतात, आणि चौकार गेला की सगळ्या गाड्या हॉर्न वाजवतात. एकही धाव न निघालेल्या त्या चेंडूवर मात्र एकाच गाडीचा हॉर्न वाजत राहिला, कितीतरी वेळ.