वारेवरची झिल्ली

१९५६ सालची दिवाळी जवळ आली होती. घराला चुना मारताना हिवरखेडच्या मैनाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत चुना उडाला. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक गोदाही त्यांच्यासोबत अकोल्याच्या इस्पितळात आली आणि तिथेच तिला कळा सुरू झाल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मैनाबाईंच्या नवऱ्याला, नत्थुजींना, बाजूला घेतले. "बाळामागून पडणाऱ्या वारेवर पातळ पापुद्र्यासारखी झिल्ली असते. ताजी मिळाली तर यांच्या डोळ्यांवर लावून पाहतो. मी हे फक्त वाचलं आहे, पण दुसरा उपाय माझ्याजवळ नाही."

"घ्या ना बाप्पा. पन तिले नका सांगू. नातवाची वार म्हटली का हातच लावू देनार नाही."

दुपारी मुलगा झाला. डोळ्यांचे डॉक्टर हातातले काम आटोपून बाळंतिणीच्या खोलीत आले, तर वार तिथे नव्हती. डोळ्यांना पट्टी बांधलेल्या मैनाबाई दाराशी बसल्या होत्या आणि त्यांच्या हातांना माती लागली होती.

"वार म्या मागून घेतली दायीजवळून," त्या म्हणाल्या. "तिचाच हात धरून मांगं निंबाखाली खोल पुरली. कोनाच्या हाती लागली तं लेकरावर करनी करतेत लोक."

मातीत गेलेली झिल्ली आता डोळ्यांच्या कामाची नव्हती.



मैनाबाईंनी अंदाजाने डॉक्टरांकडे तोंड वळवले. "आता माहे डोये लवकर बरे करा डाक्टरसायेब, नातवाचं तोंड पाहाचं हाय."