दोन मिनिटं

प्लेटलेट्सची पिशवी यंत्रावर सतत हलती ठेवावी लागते, नाहीतर ती कुचकामी होते. पण यंत्राच्या खडखडाटात फोनवर आईचं काही ऐकू येईना, म्हणून रक्तपेढीतल्या ताईंनी ते दोन मिनिटांसाठी बंद केलं आणि बोलण्याच्या नादात पुन्हा सुरू करायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी गुपचूप फेकून दिली.

आठवड्याने त्या प्लेटलेट्स दान करणारे शिपाईकाका आले. "ताई, माझ्या प्लेटलेट्स आल्या का हो कुणाच्या ऑपरेशनला कामी?"

खरं सांगायला ताईंची जीभ रेटेना. "हो काका. एका लहान मुलीच्या," त्या कशाबशा म्हणाल्या.

 

डाव्या हातावरचा सुईचा काळानिळा डाग अजून गेला नव्हता, म्हणून काकांनी उजवी बाही वर सारली. "मग आजही घ्या की."